गुडघ्याखालची उशी

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली की घरातील मंडळी शल्यचिकित्सकांना अनेक प्रश्न विचारतात. सांधा कोणत्या प्रकारचा, तो किती वर्षे टिकेल, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल, खर्च किती येईल. फिजिओथेरपीविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न येतो : "किती सिटिंग लागतील?" प्रश्न स्वाभाविक आहे. त्यामागे पैशाचा, वेळेचा आणि ने-आण कोणी करायची याचा हिशेब असतो. तथापि, त्यात एक समजूतही दडलेली असते. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा तशी ठरावीक सिटिंग पूर्ण केली की गुडघा आपोआप चालू लागेल, अशी ती समजूत. ती मनात धरून उपचाराला येणाऱ्यांची पुढे निराशा होते आणि काहींच्या गुडघ्याचे कायमचे नुकसानही होते. म्हणून या उपचारक्रमात काय घडते, कोणत्या आठवड्यात कशाची अपेक्षा धरावी आणि त्यात घरच्यांचा वाटा कोणता, हे शस्त्रक्रियेपूर्वीच समजून घेणे हिताचे.

शस्त्रक्रियेनंतर उरलेले काम

झिजलेल्या सांध्याचे पृष्ठभाग काढून त्या जागी धातूचे आणि विशिष्ट प्लास्टिकचे पृष्ठभाग बसवणे, हे शल्यचिकित्सकाचे काम. ते एक-दोन तासांत पूर्ण होते. परंतु गुडघा दुखतो म्हणून जो माणूस गेली आठ-दहा वर्षे कमी चालला, जिना टाळत राहिला, पाय किंचित वाकवूनच उभा राहिला, त्याच्या मांडीचा पुढचा स्नायू तोवर रोडावलेला असतो आणि गुडघ्यामागचे स्नायू आखडलेले असतात. सांधा नवा बसला तरी स्नायू जुनेच राहतात. शस्त्रक्रियेच्या आघाताने आणि सुजेमुळे मांडीचा स्नायू पहिल्या काही आठवड्यांत अधिकच दुर्बळ होतो. पाय उचलावा असे मनात यावे आणि पायाने ते ऐकूच नये, असा अनुभव पहिल्या दिवशी पुष्कळांना येतो व ते घाबरून जातात. भुलीचा अंमल उतरला आणि रोजचा व्यायाम सुरू झाला की पाय हळूहळू ऐकू लागतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जखम भरत असताना सांध्याभोवती नवे तंतू तयार होतात. पहिल्या काही आठवड्यांत ते लवचीक असतात. नंतर घट्ट होत जातात. त्या काळात गुडघा पूर्ण सरळ केला, पुरेसा वाकवला, तर ते तंतू त्या हालचालीला जागा ठेवून जुळतात. गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत विसावत राहिला, तर त्याच स्थितीत घट्ट होतात. भौतिकोपचाराची सारी घाई या कारणासाठी असते.

पहिली भेट

शक्य असल्यास पहिली भेट शस्त्रक्रियेपूर्वीच घ्यावी. वॉकर कसा धरायचा, पलंगावरून कसे उठायचे, कोणते व्यायाम करायचे, हे वेदना आणि गुंगी नसताना शिकलेले नंतर चटकन आठवते. चांगला उपचारक या भेटीत आपल्या पायाइतकीच आपल्या घराचीही चौकशी करील. कितवा मजला, लिफ्ट आहे का, जिन्याला कठडा कोणत्या बाजूला आहे, पलंग किती उंच आहे, शौचालय कोणत्या पद्धतीचे आहे, न्हाणीघराला उंबरठा आहे का, रात्री सोबत कोण असते. या चौकशीला वेळ लागला तर कंटाळू नये. उपचाराची उद्दिष्टे त्यातूनच ठरतात.

मग मोजमाप होते. दोन पट्ट्या जोडलेले एक साधे कोनमापक गुडघ्याच्या बाजूला धरून उपचारक दोन आकडे घेतो : गुडघा किती सरळ होतो आणि किती वाकतो. हे दोन्ही आकडे आपण एका वहीत तारखेसह लिहून घ्यावेत व दर आठवड्याला नवे आकडे मागावेत. किती सिटिंग झाली यापेक्षा या आकड्यांवरून गुडघ्याची प्रगती अधिक नीट कळते.

दोन आकड्यांचा अर्थ

सपाट जमिनीवर नीट चालताना पाय पुढे येतो तेव्हा गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकतो. जिना चढण्या-उतरण्यास आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीवरून उठण्यास सुमारे ९० ते ९५ अंश लागतात. बुटक्या सोफ्यावरून उठायचे तर आणखी अधिक. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचा गुडघा काही महिन्यांत ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. मात्र शस्त्रक्रियेपूर्वी तो किती वाकत होता, यावर हे बरेच अवलंबून असते. वर्षानुवर्षे आखडलेला गुडघा आणि चार महिन्यांपूर्वीपर्यंत मांडी घालणारा गुडघा यांची तुलना करू नये. शेजारच्या काकूंच्या गुडघ्याशी तर मुळीच करू नये.

वाकण्याच्या आकड्याकडे सर्वांचे लक्ष असते. सरळ होण्याच्या आकड्याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आपला गुडघा निरोगी असेल तर एक प्रयोग करून पाहा. दोन्ही गुडघे अगदी किंचित वाकवून मिनिटभर उभे राहा. मांडी भरून येईल. सरळ पायावर उभे राहताना शरीराचा भार हाडे पेलतात. वाकलेल्या पायावर तो मांडीच्या स्नायूला सतत पेलावा लागतो. ज्याचा गुडघा दहा अंशांनी सरळ व्हायचा राहिला, तो माणूस प्रत्येक पावलाला हे कष्ट करतो. तो लवकर थकतो, लंगडतो, आणि पुढे कंबर व दुसरा गुडघाही कुरकुरू लागतो. सांधा उत्तम बसला असूनही "ऑपरेशनचा उपयोग झाला नाही" असे म्हणण्याची वेळ काही जणांवर याच कारणाने येते.

माया आणि उशी

येथे मायेच्या माणसांकडून नकळत होणाऱ्या एका घोटाळ्याविषयी सांगितले पाहिजे. सुजलेला गुडघा थोडा वाकवून ठेवला की बरे वाटते, कारण त्या स्थितीत सांध्याच्या आत जागा अधिक असते व ताण कमी जाणवतो. रुग्ण कण्हतो, आणि मुलगी, सून किंवा पत्नी गुडघ्याखाली मऊ उशी सरकवते. रुग्णाला झोप लागते. घरच्यांनाही समाधान वाटते. रात्रभर, आणि मग रोज रात्री, गुडघा त्या उशीवर वीस-तीस अंश वाकून पडून राहतो. दिवसा पाऊण तास उपचारकाने जे मिळवून दिले, ते रात्रीच्या आठ तासांत हातचे जाते.

उशी ठेवायचीच असेल तर ती टाचेखाली व पोटरीच्या खालच्या भागाखाली ठेवावी, म्हणजे गुडघ्याखाली पोकळी राहील आणि तो आपल्याच वजनाने सरळ होत जाईल. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पडून राहावे. त्याच वेळी मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबावा, मनात पाच अंक मोजावेत आणि सोडावा. गुडघ्याच्या मागे ओढ बसेल. ती सोसण्याजोगी असते आणि थोड्या वेळाने सैल पडते. या साध्या व्यायामाला पर्याय ठरेल असे यंत्र कोणत्याही दवाखान्यात नाही.

आठवड्यागणिक काय अपेक्षावे

शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी बहुतेकांना वॉकर देऊन उभे केले जाते व चार पावले चालवले जाते. "इतक्यात?" असे घरच्यांना वाटते. परंतु लवकर उठल्याने पोटरीतील रक्त वाहते राहते, गुठळी होण्याचा धोका घटतो आणि छातीत कफ साचत नाही. पलंगावर असताना दर तासाला घोटे वर-खाली हलवण्यास सांगतात, तेही याचसाठी.

पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण. सूज, रात्रीची वेदना, मोडलेली झोप, मंदावलेली भूक, बद्धकोष्ठ आणि कधी "कशाला या फंदात पडलो" अशी खिन्नता, हे सारे या काळात येऊ शकते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात. या अवधीत पाय पूर्ण सरळ होण्याच्या जवळ यावा, तो नव्वद अंशांच्या आसपास वाकावा आणि वॉकर घेऊन घरातल्या घरात आधाराशिवाय शौचालयापर्यंत जाता यावे, एवढे साधले तर गाडी योग्य मार्गावर आहे असे समजावे. व्यायाम थोडेच असतात : पलंगावर टाच सरकवत पाय वाकवणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे, खुर्चीवर बसून पाऊल मागे सरकवणे. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. एकदम तासभर करून दिवसभर निजून राहण्यापेक्षा थोडे थोडे अनेकदा करावे.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात वॉकर जाऊन काठी येते. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची, हे लक्षात ठेवावे. बहुतेक जण नेमके उलटे करतात. जिन्याचाही नियम आहे : चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. खुर्चीवर बसताना-उठताना दोन्ही पायांवर सारखा भार पडतो का, हे उपचारक पाहू लागतो. दुखऱ्या पायाला चुकवण्याची जुनी सवय याच वेळी मोडायची असते.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात भर ताकदीवर येतो : पायरीवर चढ-उतर, एका पायावर तोल सांभाळणे, बाहेर चालण्याचे अंतर वाढवणे. उपचारकाकडे सुरुवातीला रोज वा एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग एकदा, असे जावे लागते. "किती सिटिंग" याचे उत्तर प्रत्येकाच्या वहीतील आकड्यांनुसार असे बदलत जाते. तीन महिन्यांनी दैनंदिन जीवन पुष्कळसे रुळावर येते. स्नायूंची ताकद मात्र वर्षभर वाढत राहू शकते. म्हणून सिटिंग संपली तरी व्यायाम संपवू नये.

गुडघा काही महिने कोमट लागणे, संध्याकाळी सुजणे, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला एक पट्टा बधिर राहणे, चालताना कधी 'टक' असा आवाज येणे, या गोष्टी सर्वसाधारण आहेत.

वेदना : कोणती चालेल, कोणती नाही

व्यायाम करताना ओढ बसणे, दुखणे, नंतर तासा-दोन तासांत ते ओसरणे, हे अपेक्षितच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा काल सकाळपेक्षा अधिक सुजलेला आणि ताठ असेल, तर आदल्या दिवशी अति झाले असे समजून व्यायामाची संख्या निम्मी करावी. बंद मात्र करू नये. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी येईल अशी वेळ त्यांना विचारून ठरवून घ्यावी. वेदना सहन करणे म्हणजे शौर्य, या भावनेने गोळी टाळणारे लोक व्यायामही टाळू लागतात, असे अनेकदा दिसते. व्यायामानंतर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवावा व पाय उंचावर घ्यावा.

कोणी पायावर अंगाचा भार देऊन, रुग्ण ओरडत असताना गुडघा जबरदस्तीने वाकवत असेल, तर त्याला स्पष्ट शब्दांत थांबवावे. ओरडणाऱ्या माणसाचे स्नायू आकसतात, सूज वाढते आणि उद्याचा व्यायाम बुडतो. हाताने हलका दाब देणे वेगळे आणि झटापट वेगळी.

यंत्रे, तेल आणि उपचारकाची पारख

वेदना कमी करणारी विजेची यंत्रे तात्पुरता आराम देतात. मांडीच्या स्नायूला विद्युत उत्तेजना दिल्यास सुरुवातीच्या काळात काहींना त्याचा लाभही होतो. पाय आपोआप वाकवणारे यंत्र आकर्षक दिसते, परंतु त्याने दूरगामी फायदा फारसा होत नाही असे अभ्यासांत आढळले आहे. शॉर्टवेव्ह डायथर्मी हा खोलवर उष्णता देणारा उपचार शरीरात धातू असलेल्या जागी करत नाहीत. म्हणून नव्या ठिकाणी गेल्यास सांधा बदलल्याचे आठवणीने सांगावे. व्रण पूर्ण भरेपर्यंत तेल, लेप आणि मालीश यांपैकी काहीही त्यावर करू नये, सल्ला कितीही अनुभवी व्यक्तीचा असो.

भारतातील पहिले भौतिकोपचार विद्यालय १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. आज हे पदवीचे शास्त्र आहे. घरी येणाऱ्या व्यक्तीला तिची पदवी आणि नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. तिच्या कामाची पारखही सोपी आहे. ती मोजमाप करते का? दर आठवड्याला व्यायाम बदलते का? आपल्याकडून करवून घेते, की केवळ यंत्र लावून मोबाइल पाहत बसते? खासगी उपचार परवडत नसतील तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील भौतिकोपचार विभागात चौकशी करावी. तेथे अल्प शुल्कात तेच व्यायाम शिकायला मिळतात.

घरच्यांसाठी

आजाऱ्याला पाण्याचा पेलाही जागेवर देणे, ही आपल्याकडील सेवेची रीत. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ती थोडी आवरती घ्यावी. पाणी स्वयंपाकघरात ठेवावे आणि सोबत चालत जावे. जेवण पलंगावर नेण्याऐवजी रुग्णाला टेबलाशी आणावे. पायपुसणी, सतरंज्या, लोंबत्या वायरी उचलून ठेवाव्यात. न्हाणीघराची फरशी कोरडी ठेवावी. रात्री शौचालयापर्यंत मंद दिवा असावा. खुर्ची हात असलेली व पुरेशी उंच असावी. भेटीला येणाऱ्यांची वर्दळ व्यायामाच्या वेळी होऊ देऊ नये.

एक अवघड विषय आधीच बोलून घ्यावा. जमिनीवर बसणे, मांडी घालणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे, या गोष्टी बदललेल्या गुडघ्याला पुष्कळदा जमत नाहीत, आणि जमल्या तरी कराव्यात की नाही हे शल्यचिकित्सकांनाच विचारावे. देवपूजा खुर्चीवर बसून करावी लागणे, पंगतीत सर्वांसह खाली न बसता येणे, याचे दुःख खरे असते. त्याची चेष्टा करू नये. घरातील देव्हारा थोडा उंच केल्याने आणि दोन जणांनी खुर्चीवर सोबत जेवायला बसल्याने ते दुःख बरेच हलके होते.

वेळ दवडू नये असे प्रसंग

पोटरीत नव्याने वेदना, घट्टपणा वा वाढती सूज. जखमेतून स्राव, वाढती लाली, ताप. पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना कळवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर फोनवर विचारपूस करत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

ज्याची घाई वाटत नाही, असाही एक प्रसंग आहे. सहा आठवडे उलटूनही वहीतील वाकण्याचा आकडा नव्वदच्या खालीच अडला असेल, किंवा पाय सरळ होत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणत थांबू नये. अशा वेळी भूल देऊन गुडघा मोकळा करण्याचा मार्ग शल्यचिकित्सकांकडे असतो, परंतु त्याचा गुण पहिल्या तीन महिन्यांच्या आसपास अधिक येतो. पुढे तंतू घट्ट झाल्यावर तो मार्ग अवघड होत जातो. म्हणून वही घेऊन त्यांच्याकडे जावे. तारखा आणि आकडे समोर असले की निर्णय लवकर होतो.

आपल्या घरात अशी शस्त्रक्रिया ठरली असेल तर उपचारकाला पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत : आज गुडघा किती सरळ होतो आणि किती वाकतो? पुढील आठवड्यात हे आकडे किती असावेत? आणि त्यासाठी घरी, दिवसातून किती वेळा, नेमके काय करायचे? उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत. आणि आज रात्री निजण्यापूर्वी, उशी कुठे ठेवली आहे, ते एकदा पाहून घ्यावे.